टिफ्रॅक : मुंबईत घडलेले गणकयंत्र

एखादे यंत्र ज्या दिवशी रीतसर चालू होते त्याच दिवशी ते जगाच्या दृष्टीने जुने झालेले असेल, तर ते घडविण्यात घालविलेली पाच वर्षे सार्थकी लागली म्हणावयाची की वाया गेली म्हणावयाची? वादासाठी वाद म्हणून आम्ही हा प्रश्न उपस्थित करीत नाही. असे एक यंत्र आपल्या मुंबईत, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, १९५५ ते १९६० या काळात घडले. त्याचे नाव टिफ्रॅक. संस्थेच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे आणि ‘स्वयंचलित गणकयंत्र’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे जोडून हे नाव बनले असून ते पंडित जवाहरलाल नेहरूंनी दिले. भारतात आखून भारतातच बांधलेले हे पहिले पूर्ण आकाराचे इलेक्ट्रॉनिक गणकयंत्र होय. त्याची हकीकत सांगावी, आणि सांगता सांगता वरील प्रश्नाचाही निकाल लागतो का ते पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम ‘गणक’ या शब्दाविषयी थोडेसे. हा शब्द आपण आज यंत्राला लावतो. पण मुळात तो माणसाचा आहे. पंचांगासाठी ग्रहगणित करणारा तो गणक. इंग्रजी भाषेतही हीच गत आहे. ‘कॉम्प्युटर’ म्हणजे आकडेमोडीसाठी पगारावर नेमलेला माणूस, आणि पुष्कळदा स्त्री, असाच अर्थ कित्येक पिढ्या रूढ होता. या मानवी गणकांचे श्रम वाचविण्याचा जुना उपाय म्हणजे कोष्टके. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० साली ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हा ग्रंथ मराठीत प्रसिद्ध केला. अशा कोष्टकांचा उपयोग हा, की एकाने एकदा केलेले गणित दुसऱ्याने मुळापासून पुन्हा करावयास नको. परंतु विसाव्या शतकाच्या मध्यास शास्त्रज्ञांपुढे जी गणिते येऊन पडली ती कोष्टकांनी सुटण्यासारखी नव्हती. तोफगोळ्याचा मार्ग, अणुगर्भातील कणांची वर्तणूक, हवामानाचा अंदाज, यांपैकी कशालाही हात घातला की हजारो बेरजा-गुणाकार ओळीने करावे लागत, आणि मधल्या एका चुकीने पुढचे सारे फुकट जाई. तेव्हा न थकणारा, न चुकणारा गणक हवा होता. तो मिळाला रेडिओतल्या व्हॉल्व्हमधून.

ज्यांनी घरी जुना मोठा रेडिओ पाहिला आहे त्यांना आठवत असेल, की कळ फिरविली तरी तो लगेच बोलत नसे. मागच्या बाजूला काचेच्या नळ्या हळूहळू लालसर दिसू लागत आणि मग आवाज येई. त्या काचेच्या नळ्या म्हणजेच व्हॉल्व्ह. शास्त्रीय परिभाषेत निर्वात नलिका. त्यांच्यातील हवा काढून टाकलेली असते. आत एक तापविलेला भाग असतो व त्याच्यासमोर धातूचा एक पत्रा. तापलेल्या भागातून इलेक्ट्रॉन सुटतात, आणि पत्रा धन विद्युतभाराचा असला म्हणजे त्याच्याकडे धाव घेतात. रेडिओ तापेपर्यंत थांबावे लागे ते या कारणाने. अशी दोन अंगांची नळी इंग्लंडमध्ये फ्लेमिंग यांनी १९०४ साली तयार केली. अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ साली या दोहोंच्या मध्ये तारेची एक जाळी बसविली, आणि सारा चमत्कार त्या जाळीत आहे. जाळीला किंचित ऋण दाब दिला की ती इलेक्ट्रॉनांना मागे लोटते आणि प्रवाह थांबतो. दाब काढला की प्रवाह पुन्हा वाहू लागतो. कालव्याच्या पाटावर जसे लाकडी दार असते तशीच ही जाळी होय. फरक एवढाच की या दाराला वजन नाही, बिजागरी नाही, म्हणून ते एका सेकंदात लक्षावधी वेळा उघडू-मिटू शकते.

रेडिओत या दाराचा उपयोग क्षीण आवाज मोठा करण्यासाठी होतो. गणकयंत्राला तेवढ्या नाजूक कामाची गरज नाही. त्याला दार उघडे की बंद एवढेच कळले म्हणजे पुरे. आता केवळ उघडे आणि बंद एवढ्या दोन खुणांवर गणित कसे चालते, अशी शंका कोणीही घेईल. तिचे उत्तर आपल्या जुन्या वाण्याच्या दुकानात आहे.

मेट्रिक वजने येण्यापूर्वी दुकानात छटाक, अदपाव, पावशेर, अच्छेर आणि शेर अशी वजने असत. दोन छटाकांचा अदपाव, दोन अदपावांचा पावशेर, दोन पावशेरांचा अच्छेर, दोन अच्छेरांचा शेर. प्रत्येक वजन आधीच्याच्या दुप्पट. यांतले प्रत्येकी एकच वजन दुकानदाराजवळ असले, तरी एक छटाकापासून एकतीस छटाकांपर्यंत कोणतेही वजन त्याला करता येते. गिऱ्हाइकाने अकरा छटाक साखर मागितली, तर तो अच्छेर, अदपाव आणि छटाक ही तीन वजने पारड्यात टाकील आणि पावशेर तसाच ठेवील. म्हणजे अकरा ही संख्या ‘अच्छेर आहे, पावशेर नाही, अदपाव आहे, छटाक आहे’ अशी सांगता येते. ‘आहे’च्या जागी १ आणि ‘नाही’च्या जागी ० लिहिले की झाले १०११. यालाच गणितज्ञ द्विमान पद्धती म्हणतात. आणि बेरीज? दोन जिनसांच्या वजनांत मिळून छटाकाची दोन वजने जमली, तर ती उचलून त्यांच्या जागी एक अदपाव ठेवावयाचा. ही अदलाबदल म्हणजेच शाळेतला हातचा. मुंबईच्या यंत्रात एका संख्येसाठी अशी चाळीस स्थाने होती. पाच वजनांनी एकतीसपर्यंत मजल गेली. चाळीस स्थानांत सुमारे एक लाख दहा हजार कोटी वेगवेगळ्या संख्या मांडता येतात.

आता पाटाच्या दारांकडे परत वळू. एकाच पाटावर एकापुढे एक अशी दोन दारे असली, तर दोन्ही उघडी असतील तेव्हाच पाणी पुढे जाईल. हातचा केव्हा येतो? दोन्ही ठिकाणी वजन ‘आहे’ असेल तेव्हाच. म्हणजे हातचा ओळखण्याचे काम अशी दोन दारे आपण होऊन करतात. दोन वेगळ्या पाटांवर एकेक दार असून पुढे ते पाट एक होत असले, तर कोणतेही एक दार उघडे असले तरी पाणी मिळते. अशा दोन-तीन जुळण्यांतून बेरीज निघते, आणि बेरजेतून वजाबाकी, गुणाकार, भागाकार हे सर्व निघतात. मधले आकडे लक्षात ठेवण्याची सोयही व्हॉल्व्हनेच केली. १९१८ साली एकल्स व जॉर्डन या दोन इंग्रज शास्त्रज्ञांनी दोन व्हॉल्व्ह असे जोडले, की एक उघडा असला की दुसरा बंद पडावा, आणि बाहेरून धक्का मिळेपर्यंत तीच स्थिती राहावी. तागडीचे एक पारडे खाली गेले की दुसरे वर राहते, तसेच. कोणते पारडे खाली आहे हे पाहिले की १ होता की ० होता ते कळते.

तत्त्व असे सोपे. व्यवहार मात्र अवघड होता. व्हॉल्व्ह हा विजेच्या दिव्याचा सख्खा भाऊ. तो तापतो, वीज खातो आणि एक दिवस जळतो. रेडिओत चार-पाच व्हॉल्व्ह असतात. त्यांतला एखादा वर्षाकाठी गेला तर दुरुस्तीवाल्याकडे जाता येते. पण एका व्हॉल्व्हचे आयुष्य सरासरीने दहा हजार तास धरले आणि यंत्रात दोन हजार सातशे व्हॉल्व्ह आहेत असे मानले, तर दर पावणेचार तासांनी एक व्हॉल्व्ह जळणार. मग गणित पुरे व्हावे केव्हा? म्हणूनच एवढे व्हॉल्व्ह एकत्र चालणारच नाहीत, असे अनेक जाणत्या अभियंत्यांचेही मत होते. ते खोटे ठरविले टॉमी फ्लॉवर्स या इंग्रज टपाल खात्यातील अभियंत्याने. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्याचे गुप्त संदेश उलगडण्यासाठी त्याने कोलोसस हे यंत्र १९४३ साली बांधले. व्हॉल्व्ह बहुधा जळतात ते चालू-बंद करताना, हे त्याने टेलिफोनच्या कामात ओळखले होते. म्हणून यंत्र बंदच करावयाचे नाही, असा नेम त्याने ठेवला. अमेरिकेत एकर्ट व मॉकली यांनी बांधलेले एनियॅक १९४६ साली जगापुढे आले. त्यात सतरा हजारांवर व्हॉल्व्ह होते, वजन तीस टन होते, आणि वीज दीडशे किलोवॅट लागे. त्यांनी प्रत्येक व्हॉल्व्हकडून त्याच्या शक्तीपेक्षा कमीच काम घेतले, आणि त्यामुळे यंत्र टिकले. जे गणित माणसाला टेबलावरचे हातयंत्र घेऊनही कित्येक तास पुरे, ते एनियॅक अर्ध्या मिनिटात करी.

परंतु एनियॅकमध्ये एक मोठी उणीव होती. गणित बदलावयाचे तर शेकडो तारा काढून नव्याने जोडाव्या लागत, आणि त्यात दिवसचे दिवस जात. जॉन फॉन नॉयमन या गणितज्ञाच्या नावावर १९४५ साली जे टिपण फिरले, त्यात यावरचा तोडगा होता. यंत्राने कोणती कृती कोणत्या क्रमाने करावी याच्या आज्ञासुद्धा आकड्यांत लिहाव्यात आणि त्या यंत्राच्या स्मृतीतच ठेवाव्यात, असा तो विचार. मग तारा हलवावयाचे कारण नाही. आज्ञांची यादी बदलली की तेच यंत्र नवे काम करू लागते. या रीतीने चालणारे पहिले छोटे यंत्र मँचेस्टर येथे १९४८च्या जूनमध्ये चालले. केंब्रिज येथील एड्सॅक १९४९ साली कामाला लागले. फॉन नॉयमन यांचे स्वतःचे यंत्र प्रिन्स्टनच्या उच्च अध्ययन संस्थेत १९५२ साली पूर्ण झाले.

मुंबईची कथा येथून सुरू होते असे म्हणावयास हरकत नाही. कारण प्रिन्स्टनच्या मंडळींनी आपल्या यंत्राचा आराखडा कुलपात ठेवला नाही. त्यांचे अहवाल जगभरच्या विद्यापीठांकडे मोकळेपणाने गेले. ते वाचून इलिनॉय विद्यापीठात १९५२ साली, स्टॉकहोममध्ये १९५३ साली, इस्राएलमधील रेहोवोत येथे १९५५ साली आणि सिडनीत १९५६ साली त्याच जातीची यंत्रे उभी राहिली. हे एक घराणेच म्हणा ना! गायकी एकच, परंतु प्रत्येक गायकाने ती आपापल्या गळ्याप्रमाणे बसविली. एका यंत्रासाठी लिहिलेल्या आज्ञा दुसऱ्याला जशाच्या तशा चालत नसत. टिफ्रॅक हे या घराण्यातले मुंबईचे अपत्य. आराखड्याचे मूळ तत्त्व बाहेरचे, आणि ते संडासमंडास न करता उघडपणे घेतलेले. विद्युत्‌मंडलांची जुळणी, बांधणी आणि कस मात्र इथला.

टाटा मूलभूत संशोधन संस्था होमी भाभा यांनी १९४५ साली स्थापन केली. आरंभ बंगळूरला झाला, आणि त्याच वर्षी ती मुंबईत पेडर रोडवरील ‘केनिलवर्थ’ बंगल्यात आली. पुढे १९४९ साली गेटवे ऑफ इंडियाजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत, आणि शेवटी कुलाब्याच्या टोकाला समुद्रकाठी. विश्वकिरण आणि अणुगर्भ यांचा अभ्यास हे तिचे मुख्य काम, आणि या दोन्ही विषयांत आकडेमोडीला अंत नाही. गणकयंत्राची गरज होती यात शंका नाही. प्रश्न होता तो विकत घ्यावे की बांधावे हा.

दोन्ही वाटा आपल्या देशात त्याच वेळी चोखाळल्या गेल्या, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. कलकत्त्यास महालनोबिस यांच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत १९५५ साली इंग्लंडहून एचईसी-२एम नावाचे यंत्र आले. लंडनच्या अँड्र्यू बूथ यांच्या रचनेवर एका ब्रिटिश कंपनीने ते बनविले होते. भारतात आलेले हे पहिले इलेक्ट्रॉनिक अंकीय गणकयंत्र. त्याच्या मागोमाग काही वर्षांत सोव्हिएत रशियातून उराल हे यंत्र तेथे आले. देशाच्या पंचवार्षिक योजनेचे आकडे थांबून राहण्यासारखे नव्हते. तेव्हा कलकत्त्याने यंत्र विकत घेतले यात काही वावगे झाले नाही. मुंबईने मात्र यंत्र बांधावयाचे ठरविले.

हे काम ज्यांच्याकडे आले त्या गटाचे प्रमुख रंगस्वामी नरसिंहन. ते १९२६ साली जन्मले, अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात गणितातील डॉक्टरेट मिळवून १९५४ साली संस्थेत दाखल झाले. त्यांच्यासोबतच्या तरुणांत पुढे यंत्राला बोलणे कळावे यासाठी संशोधन करून नावाजलेले पी. व्ही. एस. राव होते. गणकयंत्र बांधण्याचा पूर्वानुभव कोणाच्याच गाठी नव्हता. तेव्हा त्यांनी प्रथम एक लहान पथदर्शी यंत्र बांधले आणि ते १९५६ साली चालवून दाखविले. आधी लहान बांधावे, त्याच्या खोडी समजून घ्याव्यात, आणि मग मोठ्याला हात घालावा, हा शहाणपणा येथे दिसतो. १९६० साली पूर्ण यंत्र रीतसर कामाला लागले. सुमारे २,७०० व्हॉल्व्ह, १,७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रोधक एवढा त्याचा ऐवज होता. हे सारे ज्या पोलादी सांगाड्यात बसविले होते तो अठरा फूट लांब, आठ फूट उंच आणि अडीच फूट खोल होता. दोन्ही अंगांना दारे, की जळालेला व्हॉल्व्ह शोधावयास आत हात घालता यावा. उत्तर नुसते आकड्यांत न देता त्याचा आलेख काचेच्या पडद्यावर काढून दाखविण्याची सोयही या मंडळींनी केली होती.

यंत्राच्या स्मृतीविषयी मात्र वेगळे सांगितले पाहिजे. कारण तेथे या गटाने जे धाडस केले ते घराण्याच्या पुढे जाणारे होते. प्रिन्स्टनच्या यंत्रात आकडे ठेवावयाचे ते दूरचित्रवाणीच्या पडद्यासारख्या नळ्यांवर, विद्युतभाराच्या ठिपक्यांच्या रूपाने. हे ठिपके क्षणात पुसट होत, म्हणून ते पुन्हा पुन्हा गिरवावे लागत. जवळपास विजेची काही गडबड झाली तरी बिघडत. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेत १९५३ साली एका यंत्राला नव्या तऱ्हेची स्मृती बसविली गेली. तिच्यात फेराइट या चुंबकी पदार्थाच्या बारीक कड्या असत. मुंबईच्या गटाने ही नवी तऱ्हा उचलली.

तिची युक्ती अशी. कड्या चौकटीत ओळीने मांडावयाच्या आणि मोत्याच्या जाळीसारख्या उभ्या-आडव्या तारांत ओवावयाच्या. प्रत्येक कडी या अंगाने किंवा त्या अंगाने चुंबकित होते. एक अंग म्हणजे १, दुसरे म्हणजे ०. कडी उलटविण्यास जेवढी वीज लागते त्याच्या निम्मी एका उभ्या तारेतून आणि निम्मी एका आडव्या तारेतून सोडावयाची. निम्म्या विजेने कोणतीच कडी हलत नाही. पण त्या दोन तारा जेथे एकमेकींना छेदतात तेथल्या एकाच कडीला पुरी वीज मिळते आणि तीच तेवढी उलटते. हजारो कड्यांतून नेमकी एक निवडण्याची ही रीत इतकी साधी आहे की पाहणाऱ्याला कौतुक वाटावे. वीज गेली तरी कडी विसरत नाही. अडचण एकच : कडीत काय आहे हे वाचावयाचे तर ती उलटवून पाहावी लागते, आणि वाचून झाले की पुन्हा पूर्ववत लिहावे लागते. टिफ्रॅकच्या स्मृतीत प्रत्येकी चाळीस स्थानांच्या २,०४८ संख्या मावत. त्या काळाच्या मानाने हा संसार मोठा होता. प्रिन्स्टनच्या यंत्रात १,०२४ संख्याच मावत. आजच्या हिशेबाने मात्र हा लेखसुद्धा त्या स्मृतीत पुरता मावला नसता. आणि या यंत्राशी बोलण्याची भाषा म्हणजे शून्य आणि एक. आज्ञा लिहिणाऱ्याला प्रत्येक संख्या कोठे ठेवली आहे हे स्वतः ध्यानात ठेवावे लागे.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे येऊ. यंत्र १९६० साली चालू झाले. पण व्हॉल्व्हचे राज्य तोवर संपत आले होते. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९४७ साली ट्रान्झिस्टर जन्मला होता. तो तापत नाही, थोड्या विजेवर चालतो, आणि व्हॉल्व्हसारखा जळून जात नाही. १९५९ साली आयबीएम कंपनीची ट्रान्झिस्टरवर चालणारी मोठी यंत्रे गिऱ्हाइकांकडे पोहोचू लागली. म्हणजे मुंबईत व्हॉल्व्हचे यंत्र सुरू होत असताना जग पुढच्या पायरीवर चढले होते. १९६४ साली टाटा संस्थेनेच अमेरिकेहून सीडीसी-३६०० हे ट्रान्झिस्टरचे बलाढ्य यंत्र आणविले, आणि १९६५ साली टिफ्रॅकने विश्रांती घेतली. पाच वर्षे घडण, पाच वर्षे सेवा.

तेव्हा कोणी म्हणेल : हा सारा खटाटोप कशासाठी? १९५७-५८ साली देशात परकीय चलनाची ओढाताण होती. असे असता हुशार तरुणांची पाच वर्षे एका यंत्रावर खर्ची घालण्यापेक्षा ते विकत आणून त्यावर भौतिकशास्त्र केले असते तर काय बिघडले असते? शिवाय टिफ्रॅकसारखी आणखी यंत्रे कोणत्याही कारखान्यात निघाली नाहीत. ते एकुलते एकच राहिले. हा आक्षेप आम्हांस क्षुल्लक वाटत नाही. ‘आपले ते आपले’ एवढ्याच अभिमानाने त्याचे उत्तर देऊ गेल्यास ते लंगडे पडेल.

आम्हांस जे उत्तर दिसते ते असे. टाटा संस्थेनेच यंत्र बांधले आणि टाटा संस्थेनेच चार वर्षांनी नवे यंत्र विकत घेतले, या दोन गोष्टी परस्परविरोधी नाहीत. दुसरी पहिलीमुळे सुकर झाली. ज्याने एकदा स्वतः स्मृतीच्या कड्या तारांत बसविल्या आहेत, हातचा पोहोचावयास किती वेळ लागतो हे मोजले आहे, बिघाड कोठे लपतो हे रात्री जागून शोधले आहे, त्याला विक्रेत्यापुढे बसल्यावर काय विचारावे हे कळते. ज्याने यंत्र नुसते पाहिले आहे त्याला विक्रेता सांगेल तेच खरे मानावे लागते. म्हणूनच सीडीसी-३६०० हे केवळ एका संस्थेचे न राहता देशभरच्या संशोधकांना गणिताची सोय पुरविणारे केंद्र होऊ शकले. ते चालवणारे व शिकविणारे हात तेथे होते. भारतीय संगणक परिषद १९६५ साली स्थापन झाली तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष नरसिंहन हेच होते. १९७८ साली आयबीएमने भारतातील कारभार आटोपला, आणि देशात ठिकठिकाणी बसविलेली तिची यंत्रे सांभाळण्याचे काम त्याआधी तीनच वर्षांपूर्वी निघालेल्या सीएमसी या सरकारी कंपनीने अंगावर घेतले. परकी यंत्रे मालकाविना चालू ठेवता आली, ती यंत्राचे पोट उघडून पाहण्याची भीती गेलेली माणसे देशात होती म्हणून. ती सर्व काही टिफ्रॅकजवळ शिकलेली नव्हती. कलकत्त्यास सांख्यिकी संस्था व जादवपूर विद्यापीठ यांनी मिळून १९६६ साली ट्रान्झिस्टरचे यंत्र बांधले. तुर्भ्याच्या अणुकेंद्रातील अभियंत्यांनी १९६९ साली टीडीसी-१२ बांधले. परंतु ‘हे आपल्याला जमते’ ही गोष्ट प्रथम सिद्ध झाली ती मुंबईत, आणि एकदा सिद्ध झालेली गोष्ट पुन्हा सिद्ध करावी लागत नाही.

व्हॉल्व्ह गेला, पण टिफ्रॅक बांधताना जे समजले त्यातले व्हॉल्व्हशी निगडित असे थोडेच होते. छटाक-अदपावाचे गणित ट्रान्झिस्टरमध्ये तेच राहिले आणि आजच्या नखाएवढ्या चिपेतही तेच आहे. दोन दारांतून हातचा आजही तसाच निघतो. आज्ञा आणि आकडे एकाच स्मृतीत ठेवण्याची रीतही बदललेली नाही. बदलले ते दाराचे लाकूड. पाट बांधण्याची विद्या तीच आहे. ज्यांनी ती शिकून घेतली ते नव्या लाकडाला घाबरले नाहीत.

मात्र यावरून प्रत्येक वस्तू घरीच करावी असा निष्कर्ष कोणी काढू नये. शिकण्यासाठी बांधणे वेगळे आणि मिरविण्यासाठी बांधणे वेगळे. ही पारख करण्याची एक साधी कसोटी आहे : नवे व सरस साधन समोर आल्यावर बांधणाऱ्यांनी आपले जुने खाली ठेवले काय? मिरविणारा आपल्या यंत्राला कवटाळून बसतो. कुलाब्याच्या मंडळींनी तसे केले नाही. त्यांनी टिफ्रॅककडून पाच वर्षे काम घेतले आणि वेळ येताच ते बाजूला ठेवले.

हा प्रश्न इतिहासजमा झालेला नाही. २०२१च्या डिसेंबरात भारत सरकारने देशात चिपा बनविण्याचा उद्योग उभा राहावा म्हणून ७६,००० कोटी रुपयांची योजना जाहीर केली, आणि विकत घ्यावे की बांधावे हा जुनाच वाद पुन्हा घरोघर सुरू झाला. अशा वेळी कारखाना किती मोठा, खर्च किती, जगात आपला क्रमांक कितवा, हे सर्व विचारले जाते, आणि विचारले जावेही. पण टिफ्रॅकची हकीकत ऐकलेल्या नागरिकाने त्यांत आणखी एका प्रश्नाची भर घालावी, असे आम्हांस वाटते. आज उभारलेली यंत्रसामग्री दहा वर्षांनी जुनी होणारच आहे. त्या दिवशी तिच्यातले मर्म जाणणारी किती माणसे आपल्याजवळ असतील? या प्रश्नाचे उत्तर समाधानकारक असेल, तर यंत्र जुने झाल्याचे दुःख करण्याचे कारण नाही.